मागचा सज्जा

धाकट्या मुलाला, अशोकला, घरी बोलवायचं हे शेवटी अप्पांनीच ठरवलं, आणि तेही अशा थाटात, की जणू तीन वर्षं तो नुसता कामानिमित्त परगावी होता.

शनिवारी दुपारी अप्पा, म्हणजे शेषगिरीराव, आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान न उलटताच ते विद्युलतेला म्हणाले, "एन्नोरला निरोप धाड. उद्या जेवायला या म्हणावं. दोघंही या."

'दोघंही' हा शब्द विद्युलतेने वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अशोकचं काम आणि बिऱ्हाड एन्नोरला होतं. अशोकने टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कनकाशी रजिस्टर लग्न केलं त्या दिवशी अप्पांनी त्याच्या नावाने अंघोळ केली होती. मुलगी तमिळ, जात वेगळी, आणि घरात कोणाला विचारलेलं नाही. त्यानंतर पुरसवाक्कमच्या त्या घरात अशोकचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. पण आता इंजिनिअर हवा होता, आणि नात्यात इंजिनिअर तेवढा एकच होता.

निकड तशीच होती. ते राहत त्या कावेरी बिल्डिंगचा मालक पोन्नुस्वामी याने ऑगस्टमध्ये कोर्टात अर्ज केला होता. इमारत धोक्याची झाली आहे, पाडून नवी बांधायची आहे, तरी बाराही बिऱ्हाडांनी जागा खाली करून द्याव्यात, असं त्यात लिहिलं होतं. नोटिसा आल्या तेव्हा पुरुषमंडळी जिन्यात उभी राहून कुजबुजली आणि आपापल्या बिऱ्हाडात जाऊन बसली. कोणी सरकारी नोकरीत, कोणाचा भाऊ मालकाच्या दुकानात. पहिलं नाव कोणी द्यायचं यावर सगळं अडून बसलं.

ते अडलेलं गाडं हलवलं ते मागच्या बाजूच्या अलमेलूने. अलमेलू विधवा, चाळिशीची, एका छापखान्यात पुस्तकं शिवायचं काम करायची. विद्युलता शिकवायची त्याच शाळेत तिची मुलगी वसंता शेवटच्या वर्गात होती. एका संध्याकाळी अलमेलू विद्युलतेकडे आली आणि म्हणाली, "टीचर, बोलायचं तुम्ही. मी नुसती दारात उभी राहते. मी उभी राहिले की कोणाला दार लावता येत नाही." आणि खरंच तसं झालं. रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत अकरा बिऱ्हाडांची नावं झाली. बाराव्याने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन नाव दिलं. कावेरी बिल्डिंग टेनंट्स असोसिएशन उभी राहिली ती अशी. अध्यक्ष शेषगिरीराव, कारण एकतीस वर्षं ते कोर्टात बेंच क्लार्क होते. सेक्रेटरी विद्युलता. चौतिसाव्या वर्षापर्यंत बिल्डिंगमध्ये तिची ओळख शेषगिरीरावांची लग्न न झालेली मुलगी एवढीच होती. त्या आठवड्यापासून सगळे तिला सेक्रेटरी अम्मा म्हणू लागले. आपल्याला ते किती आवडतं आहे हे तिने कोणालाच कळू दिलं नाही.

मंगळवारी सुनावणी होती. इमारत मजबूत आहे असा एखाद्या इंजिनिअरचा दाखला दिला तर मालकाचा अर्ज पडेल, असं वकिलाचं म्हणणं होतं.

रविवारी अकरा वाजता अशोक आणि कनका आले. थोरला मुलगा चंद्रमौळी याची बायको त्रिपुरसुंदरी पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. रसवांगी केली होती, डांगर पचडी केली होती, आणि अशोकला आवडतात म्हणून पोळ्या. कनकाचं पान सगळ्यांच्या पंगतीत मांडलं. सकवारबाई, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीने, आईवेगळ्या या तिन्ही मुलांना वाढवलं होतं. तिने कनकाचा हात हातात घेतला, बांगड्या पाहिल्या आणि म्हणाली, "इतके दिवस कशास लावलेस गं?" कनकाला मराठी थोडंफार समजत होतं. ती हसली. तिच्या त्या हसण्याकडे पाहताना विद्युलतेला वाटलं, आपल्याला कशासाठी बोलावलं आहे हे हिला पायरी चढण्याआधीच ठाऊक होतं.

तरीही जेवण छान झालं. चंद्रमौळीने लहानपणीच्या खोड्यांच्या आठवणी काढल्या. अप्पांनी कनकाला तमिळमध्ये विचारलं, की पोळी आणखी हवी का. आत्या पदराने डोळे पुसत होती. पुन्हा भरलेलं घर विद्युलता पाहत होती. हे असंच राहावं असं तिला फार मनापासून वाटलं.

जेवल्यावर अशोक हातोडी घेऊन बाहेर पडला. विद्युलता बरोबर गेली. पुढची इमारत त्याने तासभर पाहिली. खांब, तुळया, गच्ची, सगळीकडे ठोकून ऐकलं. "ही चांगली आहे," तो म्हणाला. "जुन्या लोकांनी मन लावून बांधली आहे." मग ते मागे गेले. मागची इमारत युद्धाच्या काळात घाईघाईने जोडलेली. तिथे पाच बिऱ्हाडं राहत, आणि पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरांच्या मागून एक लांब सज्जा गेलेला होता. खाली अंगणात पंप होता. घागर जिन्याने चढवण्यापेक्षा बायका सज्ज्यावरून दोर सोडून वर ओढून घेत.

अलमेलूने अशोकला पेला भरून ताक दिलं. वसंताने स्वयंपाकघराच्या छताची भेग दाखवली आणि ती पावसाळ्यात किती वाढते ते बोटांनी मोजून सांगितलं. अशोक खाली अंगणात आला, सज्ज्याच्या खाली उभा राहिला आणि हातोडीच्या टोकाने त्याने गिलावा थोडा उकरला. आतली सळई दिसली. त्याने ती दोन बोटांत धरली, तर तिचे पापुद्रे सुटून हातात आले. तो बराच वेळ वर पाहत राहिला. अलमेलूने वरून विचारलं, की कसं आहे आमचं घर? तो म्हणाला, आत जाऊन बोलतो आणि सांगतो.

आत येऊन त्याने दार लावून घेतलं.

"अप्पा, पुढची बाजू पन्नास वर्षं हलणार नाही. मागची मात्र संपलेली आहे. काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू वापरली आहे, सळ्या गंजून गेल्या आहेत. तो सज्जा कशाच्या आधारावर उभा आहे ते मला सांगता येणार नाही. मी दाखला देऊ शकत नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले. चंद्रमौळी म्हणाला, की वीस वर्षं उभा आहे तो काय आजच पडणार आहे? त्रिपुरसुंदरीने आपल्या दोन मुलींचा विषय काढला. पुढच्या वर्षी थोरलीचं बघायचं होतं, आणि अशा वेळी रस्त्यावर आलो तर स्थळ कोण आणणार? आत्या म्हणाली, तीन वर्षांनी घरी आलास आणि पहिलंच मागणं नाकारतोस? अशोक मान खाली घालून ऐकत होता. तो चिडला असता तर विद्युलतेला सोपं गेलं असतं.

तीच मग म्हणाली, "तो खोटं लिहिणार नाही. त्याला आग्रह करू नका."

अप्पांनी हात वर केला आणि बेंच क्लार्कच्या त्या जुन्या, सपाट आवाजात म्हणाले, "खोटं लिहा असं कोण म्हणतंय? जे पाहिलंस त्यातलं खरं आहे तेवढं लिही. पुढच्या इमारतीची तपासणी केली, ती मजबूत आढळली. मागचं नावच घेऊ नकोस. मालकाने एकच अर्ज केला आहे, सबंध इमारतीसाठी. तो एवढ्याने लंगडा पडतो."

अशोक विचारात पडला. खिडकीपाशी बसलेली कनका तेव्हा पहिल्यांदा बोलली. तिने तमिळमध्ये विचारलं, "पण मागच्या लोकांना सांगणार ना?"

प्रश्न साधाच होता, पण कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. अशोकने मात्र तो धरून ठेवला. दाखला देतो म्हणाला, पण एका अटीवर. मागच्या पाचही घरांना आजच सांगायचं. सज्ज्यावर कोणी पाऊल ठेवायचं नाही, आणि आठवड्यात जागा सोडायची. अप्पा लगेच म्हणाले, अर्थात, असोसिएशन आहे कशासाठी? सेक्रेटरीच सांगेल.

अशोक बहिणीकडे वळला. "अक्का, तू सांगशील?"

"सांगते," विद्युलता म्हणाली. ते तिने मनापासूनच म्हटलं होतं.

साडेपाचच्या गाडीने दोघं गेली. निघताना अप्पांनी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि कनकाला म्हणाले, दिवाळीला राहायलाच या. विद्युलता त्यांना फाटकापर्यंत सोडून आली, आणि तिथूनच मागच्या अंगणाकडे वळली.

"विद्युलता." अप्पा दारात उभे होते. "आत ये आधी."

त्यांनी तिला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, धाक घातला नाही. मागच्या पाच घरांना आज कळलं तर उद्या सकाळी पोन्नुस्वामीला कळेल. तो परवा कोर्टात उभा राहून सांगेल, की भाडेकरूच इमारत धोक्याची म्हणतात. मग कोर्ट पुढचं-मागचं बघत बसणार नाही. बाराही घरं खाली करा, असा हुकूम होईल. असे हुकूम मी स्वतः वाचून दाखवले आहेत, ते म्हणाले, किती ते आठवत नाही. साठ-सत्तर माणसं ऐन पावसाळ्यात बाहेर पडतील. त्यात अलमेलूही असेल. पुढचं घर टिकलं, तर मागच्यांना निदान पुढे सामावून घेता येईल.

"दोन दिवस," अप्पा म्हणाले. "मंगळवारी दुपारी कोर्टातून परत आलो की मी स्वतः तुझ्याबरोबर येतो."

चंद्रमौळी म्हणाला, अप्पांचं बरोबर आहे. त्रिपुरसुंदरीने भांडी आवरता आवरता मान डोलावली. विद्युलतेने आत्याकडे पाहिलं. लहानपणापासून अप्पांच्या समोर उभं राहायचं झालं, की ती आत्याच्या आडोशाला जायची. आत्या म्हणाली, "दोन दिवसांची तर गोष्ट, पोरी. बाप सांगतो ते ऐक."

विद्युलता उठली नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं तिला दाखवून देता आलं नाही, हे एक. दुसरं तिने मनातसुद्धा नीट बोलून घेतलं नाही. मंगळवारी असोसिएशन हरली, की ती पुन्हा नुसती शेषगिरीरावांची मुलगी होणार होती.

सोमवारी सकाळी पाऊस थांबला होता. शाळेला निघण्याआधी ती पाणी भरायला पंपावर गेली. अलमेलू आधीच आली होती, पदर खोचून पंप मारत होती. ती खुशीत होती. छापखान्यातून तिने उद्याची रजा घेतली होती. कोर्ट आपण कधी आतून पाहिलेलं नाही, म्हणाली, वसंतालाही घेऊन येते, तुम्ही बोलाल ते तिने ऐकायला हवं. विद्युलता म्हणाली, कोर्टात वकील बोलतात. अलमेलू म्हणाली, वकील बोलू देत, सगळ्यांना उभं तर तुम्हीच केलंत ना?

घागर भरली. अलमेलूने सज्ज्यावरून सोडलेला दोर घागरीच्या गळ्याला बांधला.

विद्युलता म्हणाली, "आज वरून ओढू नकोस. मी एका बाजूने धरते, जिन्याने नेऊ."

"का?"

"दोर जुना झालाय. तुटायचा."

अलमेलू हसायला लागली. "मागच्या आठवड्यात घेतला, टीचर. तुम्ही जा, घंटा होईल तुमची."

विद्युलता तिथे आणखी थोडी थांबली. तिच्या जिभेवर शब्द होते. दुसऱ्या घरची एक बाई घागर घेऊन आली, तिच्यापाठोपाठ आणखी एक. मग विद्युलता स्वतःची घागर उचलून घरी आली, साडी बदलली आणि शाळेत गेली. जाताना ती मागच्या अंगणाकडे न पाहता गेली.

साडेअकराला हेडमिस्ट्रेसने तिला वर्गातून बोलावून घेतलं, आणि वसंताला घेऊन लगेच निघ म्हणून सांगितलं. सज्जा दहाच्या सुमाराला पडला होता. अलमेलू त्या वेळी दुसरी घागर ओढत होती. शेजारची बाई दारात होती म्हणून वाचली, नुसता पाय मोडला. अलमेलूला ढिगाऱ्यातून काढून इस्पितळात नेलं होतं. टॅक्सीत वसंता सबंध वाटभर एकच विचारत होती, की आई शुद्धीवर आहे का. विद्युलतेने तिचा हात धरला होता. ती म्हणत होती, असेल, असेल.

त्या पोचण्याआधीच अलमेलू गेली होती.

दुपार उलटेपर्यंत इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळी बिल्डिंग जमली. असोसिएशनचे पुरुष भिंतीला टेकून बसले होते. चंद्रमौळी ऑफिसातून आला, त्रिपुरसुंदरी आत्याला घेऊन आली. वसंता बाकावर एका टोकाला बसली होती. ती अजून रडली नव्हती. अप्पा मात्र बसले नव्हते. ते एकेका माणसाजवळ जाऊन हलक्या आवाजात बोलत होते. विद्युलतेच्या कानावर त्यातले तुकडे आले. मालकाचा हलगर्जीपणा. वीस वर्षांत दुरुस्ती नाही. हे उद्याच कोर्टापुढे मांडायचं. आता कोर्ट त्याला सोडणार नाही. माणसं माना डोलावत होती. एका-दोघांच्या चेहऱ्यावर तर धीर आल्यासारखं दिसलं.

चारच्या सुमाराला अशोक आणि कनका आले. कनकाला एक्स्चेंजमध्ये कोणीतरी फोन करून सांगितलं होतं, तिने एन्नोरला कळवलं. अशोकच्या बुटांना साइटचा चिखल तसाच होता. तो सरळ विद्युलतेसमोर येऊन उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "अक्का, तू सांगितलं होतंस ना?"

तिने मान खाली घातली.

"इथे नको," अप्पा मराठीतच म्हणाले. "घरी बोलू."

अशोक भिंतीला टेकला. "मी ताक प्यालो त्यांच्या घरचं," तो म्हणाला. "तिथेच उभ्या उभ्या मीच सांगायला हवं होतं." कनकाने त्याच्या दंडाला हात लावला. भोवतीच्या लोकांना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी बोललं जातंय एवढं सगळ्यांना कळलं. व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

वसंताने मान वर केली. ती विद्युलतेशी तमिळमध्ये बोलली, वर्गात बोलायची तसंच, हळू आणि नीट.

"टीचर, तुमचे भाऊ काल सज्जा बघून गेले. आत जाऊन बोलतो, मग सांगतो म्हणाले. आई संध्याकाळभर वाट पाहत होती. ते काय म्हणाले?"

उत्तर अप्पांनी दिलं. ते पुढे झाले आणि अगदी वडीलधाऱ्या मायेने म्हणाले, "बाळ, त्याने फक्त पुढची इमारत तपासली. दाखला आहे माझ्याकडे. मागचं काही त्याला नीट बघता आलं नाही."

चंद्रमौळी म्हणाला, हो, तसंच झालं. आत्या जमिनीकडे पाहत होती. अशोकने तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच विद्युलता उठून उभी राहिली. मराठीत बोलली असती तर ते घरातल्या घरात राहिलं असतं. ती तमिळमध्ये बोलली.

"तो म्हणाला, सज्जा पडेल. आजच सगळ्यांना सांग म्हणाला. मी सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही."

"विद्युलता," अप्पा म्हणाले.

"कोर्टाची तारीख होईपर्यंत थांबायचं आम्ही ठरवलं. मीही त्यात होते."

भिंतीपाशी बसलेला एक जण उठला. मागच्या बिऱ्हाडातलाच होता तो, तीन मुलांचा बाप. त्याने शेषगिरीरावांकडे पाहिलं, मग विद्युलतेकडे पाहिलं, आणि जिन्याकडे चालू लागला. त्याच्यामागे मागच्या घरांतली बाकीची माणसंही उठली. त्यांची बायकामुलं अजून त्याच इमारतीत होती.

वसंता जागची हलली नाही.

"सकाळी पंपावर आईला तुम्ही म्हणालात, दोर तुटेल," ती म्हणाली. "ती वर येऊन मला सांगत होती, टीचरना माझी किती काळजी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं आणि चंद्रमौळीला म्हणाले, आत्याला रिक्षात बसव, घरी चला. मग थोरल्या सुनेला हाक मारली. विद्युलतेला हाक मारली नाही. आत्या जाताना तिच्याजवळून गेली. तिचा हात एकदा पुढे आला आणि अप्पांनी मागे वळून पाहताच पुन्हा पदराखाली गेला. चौघं जिना उतरून गेली.

आतून एक वॉर्डबॉय आला. अलमेलूला ताब्यात द्यायचं होतं. नात्यातलं किंवा ओळखीचं कोणी मोठं माणूस आत या, म्हणाला, ही मुलगी लहान आहे.

व्हरांड्यात आता फार कोणी उरलं नव्हतं. विद्युलता पुढे झाली. वॉर्डबॉयने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात मागून वसंताचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"त्या नकोत."

कनकाने आपली पिशवी अशोकच्या हातात दिली. ती वसंताजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघी त्या माणसाच्या मागोमाग आत गेल्या. दार लोटलं गेलं. विद्युलता होती तिथेच उभी राहिली, आणि अशोकने तिला बस म्हटलं तरी ती बसली नाही.